पूर्वपक्ष

गुरुजींनी खुर्ची उचलली आणि पलंगाच्या उजव्या अंगाला आणून ठेवली. फादरांना डाव्या कानाने ऐकू येईनासे होऊन बरेच दिवस झाले होते. पण फरशी पुसणारी बाई प्रत्येक वेळी खुर्ची डावीकडेच ठेवून जाई, आणि दर गुरुवारी दुपारी गुरुजी ती पुन्हा उजवीकडे आणीत. मग कोटाची बटणे सोडायची, काठी पलंगाच्या कठड्याला टेकवायची, घसा खाकरायचा. टोपी तेवढी डोक्यावरच राहायची.

"आलात का?" फादर म्हणाले. "मला वाटलं, मागच्या खेपेला हरलात म्हणून तोंड चुकवताय."

"हरलो? मी? तुम्हाला डुलकी लागली म्हणून वाद थांबला होता."

"डोळे मिटून विचार करत होतो."

"घोरत घोरत?"

फादर हसले. हसताना त्यांचे खांदे पूर्वीसारखेच हलत. बाकीचे शरीर मात्र पांघरुणाखाली उरले होते की नव्हते, कोण जाणे. खोली लहान होती. एक पलंग, एक कपाट, भिंतीवर लाकडी क्रूस, आणि खिडकीपलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या एकसारख्या पांढऱ्या चादरी. चर्चमधून निवृत्त झालेल्या धर्मगुरूंसाठी बांधलेल्या त्या वास्तूत अशा खोल्यांची एक लांब रांग होती, आणि बहुतेक दारे दिवसाही लोटलेली असत.

गुरुजी त्या चर्चचे नव्हते. कोणत्याच चर्चचे नव्हते. यहुदी मुलांच्या पाठशाळेत त्यांनी आयुष्यभर धर्मग्रंथ शिकवला होता. पाठशाळा बंद पडली, पत्नी गेली, मुलगा समुद्रापलीकडे स्थायिक झाला. राहिला तो गुरुवार. त्याचा आरंभ एका बुकबाइंडरच्या गोंधळातून झाला होता. एकाच प्राचीन संदेष्ट्याच्या वचनांची दोन जीर्ण पुस्तके त्याच्याकडे बांधणीला आली, आणि एकाचे पुस्तक त्याने दुसऱ्याला दिले. आपले पुस्तक परत घेण्यासाठी तरुण पाद्री तरुण शिक्षकाच्या दारात उभा राहिला तेव्हा दोघांच्याही हाती एकच पान उघडे होते, आणि दोघांच्याही परक्या समासातल्या टिपा वाचून झाल्या होत्या.

"हे तुम्ही लिहिलंत?" पाद्र्याने विचारले होते.

"हो. आणि हे तुम्ही?"

"हो."

"मग आत या. हे उंबऱ्यावर मिटायचं नाही."

ते अजून मिटले नव्हते. त्या पानावर संदेष्टा म्हणतो की, आपल्यासाठी एक बाळ जन्माला आले आहे. आणि त्या बाळाच्या माथ्यावर तो बिरुदांची एक माळ घालतो: अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती. हे वचन दोन्ही धर्मांना वंद्य. ख्रिस्ती परंपरा म्हणते, ही बिरुदे त्या बाळाचे स्वरूपच सांगतात. ज्याची वाट पाहिली तो अभिषिक्त, तो मसीहा, म्हणजे साक्षात देव, मानवदेह धारण करून आलेला. यहुदी परंपरा म्हणते, बाळ ते बाळच, त्या काळच्या राजवंशातले. नावांत स्तुती आहे ती बाळ देणाऱ्या देवाची. आणि अभिषिक्त यायचा आहे तो अजून यायचाच आहे. येईल तेव्हाही तो माणूसच असेल. म्हटले तर मूठभर शब्दांचा प्रश्न. परंतु त्या शब्दांपायी माणसांनी माणसांची घरे जाळली होती हे दोघांनाही ठाऊक होते, आणि म्हणूनच ते शब्द हाती घेताना दोघांचेही स्वर आपोआप जपून चालत.

वादाचा नियम पहिल्या दिवशीच ठरला होता. आधी समोरच्याचे म्हणणे मांडायचे; शास्त्रार्थाच्या परिभाषेत ज्याला पूर्वपक्ष म्हणतात तो. तो अशा निष्ठेने मांडायचा की, ज्याचे ते म्हणणे त्याने स्वतः मान डोलवावी. ती मान डोलेपर्यंत उत्तर द्यायचा अधिकार नाही. या नियमामुळे प्रत्येक वाद दुपटीने लांबे, आणि घाई दोघांनाही कधीच नव्हती.

"मांडू का?" फादरांनी विचारले.

"मांडा."

फादरांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतले. त्यांचा आवाज या एका कामापुरता खणखणीत होई. "आई लेकराला राजा म्हणते. माझा राजा, माझा सोन्या. म्हणून कोणी त्याला सिंहासनावर नेऊन बसवतं का? नाव म्हणजे हाक. हाक मारणाऱ्याच्या काळजात काय आहे ते त्या हाकेतून कळतं. ज्याला हाक मारली तो काय आहे, ते कळत नाही. तुमच्या पाठशाळेत अर्ध्या पोरांच्या नावात देवाचं नाव होतं. म्हणून काय वर्गात देवच देव बसले होते?"

"बसले असते तर पाढे तरी आले असते," गुरुजी पुटपुटले. हा त्यांचाच जुना विनोद होता, आणि तो कुठे घालायचा ती जागाही ठरलेली होती. त्यांनी मान डोलवली. पूर्वपक्ष निर्दोष होता. उदाहरणे, क्रम, आवाजाचा चढउतार, सारे त्यांचे त्यांना परत मिळाले होते. ते उत्तरासाठी सावरून बसले.

फादर त्यांच्याकडे पाहत राहिले.

"हं," गुरुजी म्हणाले. "आता उत्तर येऊ द्या."

"तेच तर. द्या उत्तर."

"मी?"

"मग कोण? तुम्ही लोक नेहमी इथेच अडता." फादरांच्या डोळ्यांत जिंकत आलेल्या माणसाची मिस्कील चमक होती. "बोला. बाळाला देव म्हणायला आधार काय?"

गुरुजींना प्रथम वाटले, ही नवी युक्ती असावी. म्हाताऱ्याने वादाला काही अनपेक्षित वळण द्यायचे ठरवले असावे. ते थांबले. खिडकीबाहेर एका चादरीचे टोक दोरीवरून निसटले आणि वाऱ्याने भिंतीला लागून फडफडू लागले. फादर अजूनही वाट पाहत होते. तेव्हा कुठे गुरुजींच्या ध्यानात आले, आणि ध्यानात येताच, चूक दिसली की ती दाखवायची या शिक्षकी सवयीने ते बोलून गेले.

"फादर, हे माझं म्हणणं झालं. तुमचं वेगळं आहे."

"माझं?"

"हो. उलट आहे. तुम्ही आयुष्यभर—"

"माझं काय आहे?"



फादरांची नजर भिंतीवरच्या क्रूसाकडे गेली आणि तिथेच अडकली. ओळखीचा चेहरा गर्दीत दिसावा आणि नाव आठवू नये, तशी. त्यांचे हात पांघरुणावर काहीतरी चाचपू लागले. "मी त्याला विसरलो का?" त्यांनी हळूच विचारले. "गुरुजी, मी त्याला नाकारलं का? कोणाला सांगू नका हं. माझ्या हातून असं कसं झालं? सांगू नका कोणाला."

"काही झालं नाही, फादर. माझंच चुकलं."

पण ते वाक्य जणू डाव्या कानाच्या बाजूला पडले.

पुढच्या गुरुवारी परिचारिकेने गुरुजींना लांब ओसरीतच थांबवले. ती ठेंगणी, कामसू बाई होती आणि बोलताना हातातल्या टॉवेलांच्या घड्या मोडू देत नसे.

"काय बोललात हो तुम्ही त्यांना? तुम्ही गेल्यावर अन्नाला शिवले नाहीत. 'मी त्याला विसरलो' एवढंच घोकत होते. मग देवाची कृपा, तेही विसरले."

"आज कसे आहेत?"

"आज गुरुवार ना? सकाळपासून दाढी करा म्हणून मागे लागलेत. बाकीचे दिवस भिंतीसारखे असतात. चमचा पुढे केला की तोंड उघडायचं, एवढंच. डॉक्टर म्हणाले, जे बोलणं उरलंय ते चालू राहू द्या. एकदा थांबलं की थांबलं." तिने घडीवरून हात फिरवला. "तुमचा तो वाद मला कळत नाही. पण दोन म्हाताऱ्यांनी एवढं भांडावं, असं काय आहे त्यात?"

"एका बाळाचं नाव," गुरुजी म्हणाले.

"घ्या! आमच्या घरी यावरूनच नणंदेशी बोलणं बंद आहे."

आत फादर गुळगुळीत दाढी करून बसले होते. खुर्ची उजवीकडे आली, कोटाची बटणे सुटली, आणि पुन्हा तेच झाले. आई लेकराला राजा म्हणते. नाव म्हणजे हाक. पाठशाळेतली पोरे. पुन्हा तीच मिस्कील चमक, आणि "द्या उत्तर."

गुरुजींनी येतानाच ठरवून ठेवले होते. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

"बरोबर?"

"हो. मला पटलं."

फादर काही वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. चमक हळूहळू विझली. "म्हणजे संपलं?" त्यांनी विचारले. आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी तोंड खिडकीकडे वळवले.

त्या दिवशी दोरीवर चादरी नव्हत्या. पाहण्यासारखे काही नव्हते. तरी फादर पाहत राहिले. गुरुजींनी हवेचा विषय काढला, मुलाच्या फोनचा काढला, बुकबाइंडरची गोष्टही काढली. समोरून एक शब्द आला नाही. कित्येक वर्षे ज्या कबुलीची त्यांनी मनोमन आस धरली होती ती आज या खोलीत उच्चारली गेली होती. फक्त ती द्यायची पाळी त्यांच्यावर आली होती, आणि स्वतःच्याच मताला. काठी शोधून ते उठले. विजय घरी घेऊन जायचा तर तो कुठे ठेवावा, एवढीही जागा त्यांना सुचेना.

त्यांचे घर म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. जिन्याखालून दिवसभर मशीनचा आवाज येई; तो थांबला की खोली मोठी होई. गुरुजींनी दिवा लावला आणि कोट न काढताच बसून राहिले. उत्तर त्यांना येत होते. फादरांचे उत्तर, फादरांच्याच शब्दांत. इतक्या वर्षांत कितीदा ते मांडून त्यांनी फादरांची मान डोलवून घेतली होती. परंतु ते सारे पूर्वपक्ष म्हणून, खंडनासाठी. त्याच्यामागून स्वतःचे उत्तर येणार, ही हमी असे. पूल ओलांडला तरी परतीची वाट पायाखाली असे. आता पूल ओलांडून पलीकडेच उभे राहायचे होते. ज्या ओठांनी सकाळी आणि संध्याकाळी 'देव एक आहे' असे म्हटले, मरणाऱ्या पत्नीच्या कानाशी म्हटले, त्या ओठांनी एका बाळाला देव म्हणायचे. आणि पुढे 'परंतु' म्हणायचे नाही. गुरुजींच्या आजोबांना एका जमावाने एवढेच म्हणायला सांगितले होते. त्यांनी म्हटले नव्हते. त्याची किंमत काय पडली, ते घरात मोठ्याने कोणी कधी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रार्थनाघरात गेले. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा भरले नाहीत. जे आले त्यांनी आपापली प्रार्थना आपापल्या कोपऱ्यात म्हटली आणि ते निघून गेले. कारभारी बाके पुसत होता. तो गुरुजींचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा झालेला.

"काय गुरुजी, तोंड का उतरलंय? त्या पाद्र्यानं बाटवलं की काय?"

"उलट झालंय."

"म्हणजे तुम्ही त्याला बाटवलंत?" कारभाऱ्याचा हात थांबला. "अहो, मग रडताय काय?"

गुरुजींनी बाकावर टेकून सर्व सांगितले. कारभाऱ्याने फडके खांद्यावर टाकले.

"एक विचारू? हयातभर तुम्ही त्याच्या घशात जे कोंबत होतात, ते उतरलं. आता म्हणता, ओक म्हणून?"

"तसं नव्हे रे. ते त्याच्या घशात नाही उतरलं. त्याचं त्याच्याकडे काही उरलंच नाही. माझं तेवढं उरलंय." गुरुजी काठीच्या मुठीकडे पाहत राहिले. "सांग मला, आपल्याला जे पटत नाही ते दुसऱ्यासाठी बोलावं का?"

"त्याला वकिली म्हणतात. लोक बंगले बांधतात त्यावर."

"आणि ते देवाच्या समोर बोलायचं असेल तर?"

कारभारी हसता हसता थांबला. त्याने फडके पुन्हा हातात घेतले. "ते तुमचं तुम्ही बघा. मला तुम्ही वर्गात अशा प्रश्नांना उभं करायचात तेव्हाही मी बाकाखाली बघायचो." आणि थोड्या वेळाने, बाक पुसता पुसता, "तेव्हा बरं होतं. उत्तर येत नसलं की म्हणायचं, अमका असं म्हणतो. चूक निघाली तर अमक्याची."

"आणि मी विचारायचो, अमका म्हणजे कोण? आधी नाव सांग."

"छडीसुद्धा मारायचात."

गुरुजी उठले. ती त्यांच्या पाठशाळेची, पाठशाळेहून कितीतरी जुनी अशी रीत होती: दुसऱ्याचे वचन सांगायचे तर ते त्याच्या नावावर सांगावे. ते चोरू नये आणि टाकूही नये. सांगणारा नुसता वाहणारा. ओझे ज्याचे त्याचे. ती रीत त्यांनी आयुष्यभर शिकवली होती. प्रार्थनाघराचा जिना उतरताना त्यांना कळले की, तिच्या आधाराने चालून पाहायची वेळ मात्र आजवर आली नव्हती.

तरीही एक अडचण होती. वाहायचे तर सगळे वाहायला हवे. पडेल आवाजात, अर्ध्या मनाने मांडलेला पक्ष म्हणजे नियमाचा भंग. फादरांची मान त्यावर कधीच डोलली नसती. म्हणून गुरुजींनी खोलीत सराव केला. रिकाम्या खुर्चीला उद्देशून त्यांनी एका बाजूने विचारले आणि दुसऱ्या बाजूने उत्तर दिले. 'समर्थ देव' या शब्दांपाशी पहिल्यांदा आवाज फुटला, दुसऱ्यांदा अडकला. तिसऱ्यांदा त्यांनी पाणी प्यायले आणि पुन्हा मुळापासून आरंभ केला.

खालून शिंप्याच्या बायकोने जिन्यात डोकावून विचारले, "गुरुजी, पाहुणे आलेत वाटतं? काही लागलं तर सांगा."

"नाही वहिनी. मीच आहे."

"अगोबाई. मला वाटलं, दोघं आहेत."

गुरुवारी खुर्ची उजवीकडे आली. फादरांची दाढी केलेली होती, पण हनुवटीवर वस्ताऱ्याने लहानशी जखम झाली होती, आणि "आलात का?" हे शब्द यायला वेळ लागला. पूर्वपक्षही या वेळी मध्ये मध्ये विरत होता. आई लेकराला राजा म्हणते, इथे ते थांबले. कोणती आई, असे त्यांनी स्वतःलाच विचारले. गुरुजींनी वाट पाहिली. हळूहळू सगळे आले. पोरेही आली, पाढेही आले. गुरुजींनी मान डोलवली.

"द्या उत्तर," फादर म्हणाले. त्यात चमक कमी होती आणि विनवणी अधिक.

गुरुजींनी टोपी नीट केली. "उत्तर माझं नाही," ते म्हणाले. "माझा एक मित्र आहे. त्याचं आहे. सांगू?"

"सांगा की."

"माझा मित्र म्हणतो, आई लेकराला राजा म्हणते तेव्हा ती नुसती इच्छा करते. तिच्या हातात तेवढंच असतं. पण या बाळाचं नाव आईनं ठेवलेलं नाही. ज्यानं 'उजेड होवो' म्हटलं आणि उजेड झाला, त्यानं ठेवलंय. त्याची हाक नुसती हाक राहत नाही. तो ज्याला जे म्हणतो, ते ते होतं. त्यानं त्या बाळाला..." गुरुजी थांबले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. तरीही त्यांना वाटले, आपल्या पाठीमागे कोणी पिढ्यान्‌पिढ्यांचे उभे आहेत. "त्यानं त्या बाळाला समर्थ देव म्हटलं. असं माझा मित्र म्हणतो."

फादर उशीवरून थोडे वर सरकले. "हं! पण मग त्या नगरीचं काय? दुसऱ्या संदेष्ट्यानं एका नगरीला देवाच्या नावानंच हाक मारली आहे. नगरीची पूजा कोण करतं?"

हे गुरुजींचे दुसरे शस्त्र. आपले शस्त्र आपल्यावर उगारलेले पाहून इतका आनंद होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"माझा मित्र म्हणतो, दारावर पाटी असते ती दाराची नसते. आत राहणाऱ्याची असते. तो तिथे राहायला आला, म्हणून नगरीला ते नाव मिळालं."

"चलाख आहे हो तुमचा मित्र."

"फार."

"बरं, मग हे सांगा." फादरांनी पांघरुणातून बोट बाहेर काढले. त्याचा रोख पक्का होता. "सनातन पिता म्हणायचं, आणि पाळण्यात घालायचं? देवाला लहान व्हायची गरज काय?"

हा प्रश्न गुरुजींनी फक्त एकदा विचारला होता. पत्नी गेली त्या आठवड्यात यहुदी सुतकाच्या रीतीप्रमाणे ते घरात खाली बसले होते. येणारे येत, टेकत, उठून जात. फादर आले ते दुखऱ्या गुडघ्यांनिशी जमिनीवर बसले आणि संध्याकाळ होईपर्यंत उठले नाहीत. मग गुरुजींनीच, भांडणाचा आधार वाटला म्हणून, कडवटपणे हा प्रश्न फेकला होता. त्यावर जे आले ते शास्त्रातले उत्तर नव्हते. गुरुजींनी त्याचे खंडन केले नव्हते. पटले म्हणून नव्हे. नंतर तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

"माझा मित्र म्हणतो," गुरुजी सावकाश म्हणाले, "एकटा माणूस बसलेला असावा आणि मोठं कोणी दारात यावं, तर तो उठून उभा राहतो. लहान मूल आलं तर तो उठत नाही. मांडी पुढे करतो. देवाला उठून उभी राहणारी माणसं पुष्कळ मिळाली होती."

ओसरीतून भांड्यांच्या गाडीचा खडखडाट आला आणि दूर गेला. फादर क्रूसाकडे पाहत होते. या वेळी त्या नजरेत भीती नव्हती. ओळखही होती की नाही, सांगता येत नव्हते. मग त्यांनी मान डोलवली. सावकाश, दोनदा, ज्याचे ते म्हणणे त्याने डोलवावी, तशी.

"चांगलं बोलतो," ते म्हणाले. "चुकतोय. साफ चुकतोय. पण देवावर जीव असल्याशिवाय माणसाला असं चुकता येत नाही."

गुरुजींनी कोटाचे बटण लावले आणि पुन्हा सोडले. हे वाक्य त्यांनी फादरांना कधी ऐकवले नव्हते. ऐकवायचे राहून गेले होते.

"कुठे असतो तो?" फादरांनी विचारले.

"कोण?"

"तुमचा मित्र हो. मलाही वाद घालायला कोणी तरी हवंच आहे. एकदा घेऊन या त्याला."

"तो... हल्ली कुठे जात नाही."

"म्हातारा आहे?"

"तुमच्याच वयाचा."

"मग हट्टी असणार. त्याला म्हणावं, एकटं बसू नये. एकटं बसलं की आपलं म्हणणंही आपल्याला आठवेनासं होतं." फादर उशीवर रेलले. त्यांचे डोळे मिटत चालले होते. "सिस्टरला सांगतो खुर्ची ठेवायला. गुरुवारी."

गुरुजींना वाटले, हेही विसरले जाईल.

पण पुढच्या गुरुवारी दार उघडले तेव्हा पलंगापाशी दोन खुर्च्या होत्या. दोन्ही डाव्या बाजूला. फादर उशीला टेकून बसले होते. त्यांच्या अंगात धुतलेला, कडक इस्त्रीचा शर्ट होता. त्यांनी गुरुजींकडे पाहिले आणि मग गुरुजींच्या खांद्यावरून, उघड्या दाराकडे.

"आला नाही?"

"अजून नाही," गुरुजी म्हणाले.

त्यांनी एक खुर्ची उचलून उजव्या अंगाला आणली. मग काठी कठड्याला टेकवली, पुन्हा पलीकडे गेले, दुसरी खुर्चीही उचलून आणली आणि ती फादरांच्या कानाच्या अधिक जवळ ठेवली. स्वतः मागच्या खुर्चीवर बसले. दार त्यांनी लोटले नव्हते.

"येईल," फादर म्हणाले.

"हो," गुरुजी म्हणाले. "येईल."